आकाशातली मराठी, गल्लीतली मराठी

सीमेवर राहणाऱ्या माणसाला रेडिओचा काटा जरा जास्तच फिरवावा लागतो. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे मी सांगायला नको. एका बाजूला १९५० साली सुरू झालेले धारवाड, दुसऱ्या बाजूला १९६३ साली सुरू झालेले सांगली, आणि मधल्या खरखरीत आपले घर! ज्या गावात आपण पाणीपट्टी भरतो त्या गावाच्या बातम्या एका भाषेत आणि ज्या भाषेत आपण आईशी बोलतो तिच्यातल्या बातम्या दुसऱ्याच गावच्या, ही आपल्यासारख्यांची जन्माची वाटणी असते. सवयीने ती अंगवळणी पडते आणि मग तिच्यात काही उणे आहे हे जाणवतही नाही.

मी सुरतेचा. म्हणजे जन्म अमळनेरचा, १९७० सालचा. पण कळू लागल्यापासून सुरतेचाच. तिथल्या एका माध्यमिक शाळेत आधी शिक्षक आणि आता मुख्याध्यापक म्हणून आयुष्य गेले. सुरत हे रूढ अर्थाने सीमेवरचे गाव नव्हे. पण १ मे १९६० पर्यंत सुरत आणि मुंबई एकाच राज्यात होत्या, हे आजच्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते. त्याच्याही आधीपासून, विसाव्या शतकाच्या आरंभीच तयार झालेल्या ताप्ती लाईनने जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही गावे सुरतेला बांधून टाकली होती. शेतात पिकले नाही की खानदेशातला माणूस त्या गाडीत बसे आणि उधन्याला उतरून मागावर उभा राही. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, असेच आले. आज सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांतून चालतात, यावरून या शहराची वीण वाचकांच्या ध्यानात येईल.

आमच्या चाळीतल्या खोलीत एक जुना रेडिओ होता. त्याचा परवाना असे. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यायचे. दादा ती पुस्तिका रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवत. संध्याकाळी पाळीवरून आले की हातपाय धुऊन ते काटा मुंबईवर आणत. गाणी असोत, श्रुतिका असो की बाजारभाव, त्यांना सारखेच. आई स्वयंपाक करताकरता ‘आपली आवड’मधली गाणी ऐके. तिला स्वतःला गाता येत नसे, पण कोणते गाणे कोणाचे, हे ती पहिल्या दोन सुरांत सांगे.

मुंबई केंद्राचे वय मोठे. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ते सुरू झाले, तेव्हा ते एका खासगी कंपनीचे होते. १९३० साली कंपनी बुडाली आणि सरकारने ते ताब्यात घेतले. त्याचा आवाज सुरतेत कसा ऐकू येई, याचे कुतूहल मला लहानपणापासून होते. पुढे विज्ञानाच्या एका सहकाऱ्याने त्याचा उलगडा केला. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत सरपटत जातात आणि कोरड्या जमिनीवर लवकर क्षीण होतात. पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून त्या पुष्कळ दूर टिकतात. मुंबई आणि सुरत एकाच किनाऱ्यावर. रात्री तर आणखी सोय. वातावरणाच्या वरच्या आयनांबरावरून त्या परावर्तित होतात आणि दिवसा न लागणारी केंद्रेही मग लागतात. म्हणजे आमच्या घरात मराठी यायची ती समुद्रावरून आणि आभाळातून. दारातून नव्हे. हे वाक्य मी आज जाणून लिहितो आहे. त्या वेळी मात्र ती आली यातच सारा आनंद होता.

मुंबईबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या केंद्रावरून मराठीप्रमाणे गुजराती कार्यक्रमही होत. आमच्या भिंतीपलीकडचे गुजराती काका तेवढ्यापुरते मुंबई लावत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा तिथेही हीच रीत चालू राहिली. मुलांसाठी मराठीत ‘किलबिल’ तसे गुजरातीत ‘संताकुकडी’, आणि मोठ्यांसाठी ‘आवो मारी साथे’. सुरतेत त्या वेळी ज्यांच्याकडे दूरचित्रवाणी संच होता ते गच्चीवर उंच नळ उभारून त्यावर अँटेना बांधत. हवा जमून आली म्हणजे मुंबई दिसे, एरवी पडद्यावर नुसत्या मुंग्या. उन्हाळ्यातल्या एखाद्या दमट रात्री चित्र इतके स्वच्छ येई की सारी चाळ त्या एका खोलीत मावत नसे. मराठी ‘गजरा’ पाहताना गुजराती काकू मला विनोद समजावून द्यायला सांगत आणि ‘संताकुकडी’च्या वेळी मी त्यांना प्रश्न विचारी. मुंबई हे बहुभाषी शहर. त्या शहराच्या केंद्राने आपल्या गावातल्या दुसऱ्या भाषेला पाटावर बसवले होते. यात उपकाराची भावना नव्हती. गावात जे राहतात त्यांच्याशी बोलायचे, इतका साधा तो विचार होता.

पुढे काळ भराभर बदलला. उपग्रह वाहिन्या आल्या. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मुंबई दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली, तिलाच २००० साली ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. १९९९ साली ‘अल्फा मराठी’ आली, २००० साली ‘ई टीव्ही मराठी’. गच्चीवरचे नळ भंगारात गेले. सुरतेच्या मराठी घरांत दिवसभर मराठी वाजू लागली. मालिका, नाटके, बातम्या, पाककृती, अभंग. दादांना तर विश्वासच बसेना. आयुष्यभर ज्यांनी खरखरीतून मराठी वेचून घेतली, त्यांच्यासमोर आता मराठीचा नळ चोवीस तास सोडून ठेवलेला होता.

एकदा बातम्यांच्या शेवटी हवामानाचा नकाशा दाखवला जात होता. डहाणू, तलासरी आले, नंदुरबार, नवापूर आले आणि तिथे रंग संपला. पुढे नुसता पांढरा कागद. दादा सहज म्हणाले, “म्हणजे आपल्याकडे पाऊस नाही तर!” बाहेर तर धो धो पाऊस चालला होता. आम्ही सारे हसलो. गुजराती वाहिनी लावली तर तिचा नकाशा व्यारा-उमरगावपाशी संपे. सुरत तिच्यात होती, पण तिची भाषा घरातली नव्हती. दादांचा विनोद घरात पुढे कित्येक दिवस चालला. त्याचे गांभीर्य मला कळले ते २००६ साली.

त्या वर्षी ऑगस्टच्या ७ तारखेपासून तापीला पूर आला. सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटर वर उकाईचे धरण आहे. पाणलोटात अतोनात पाऊस झाल्याने तिथून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले. नदीपात्राला ते पेलवेना आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. आम्ही तेव्हा अडाजणला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. वीज गेली, फोन गेले, दूरचित्रवाणी आंधळी झाली. मराठीचा तो चोवीस तासांचा नळ एका क्षणात कोरडा पडला. उरला तो एक जुना ट्रान्झिस्टर आणि त्याच्यावरची गुजराती निवेदने.

तळमजल्यावर खानदेशातून आलेल्या एक आजी मुलाकडे राहत होत्या. मुलगा आदल्या रात्री पाळीवर गेला तो पलीकडेच अडकला होता. पाणी चढू लागले तसे आम्ही त्यांना वर आणले. आजींना वर्षभरात गुजराती कानावर पडून पडून बरीचशी समजू लागली होती. घात होतो तो अशा बऱ्याचशा समजण्यानेच. निवेदनात पुन्हा पुन्हा पाण्याच्या ‘सपाटी’चा उल्लेख येत होता. गुजरातीत सपाटी म्हणजे पातळी. आजी कान देऊन ऐकत होत्या. थोड्या वेळाने पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, “पानी सपाट व्हयनं ना मास्तर? मंग मी खाले जास.” खाली त्यांची पेटी होती, तिच्यात मुलाची कागदपत्रे होती. पाणी सपाट झाले म्हणजे उतरले, असा त्यांनी अर्थ लावला होता. त्याच सुमारास जिन्याच्या सहा पायऱ्या बुडाल्या होत्या आणि सातवी बुडत होती.

“आजी, नका जाऊ. सपाटी म्हणजे पातळी. पाणी वाढतंय,” मी म्हणालो. त्या भिंतीला टेकून बसल्या. मग दोन दिवस मी निवेदन ऐके आणि त्यांना मराठीत सांगे. गुजरातीत ‘हवे’ म्हणजे ‘आता’. “हवे पाणी छोडवामां आवशे” हे ऐकून त्या पुटपुटल्या, “आनखी कोनले पानी हवंय?” त्या अंधारातही आम्हांला हसू आले. जिन्यावर आणखी तीन-चार मराठी कुटुंबे बसली होती. तीही मग माझ्या अवतीभोवती जमली. त्यांना गुजराती येत नव्हते असे नाही. पण जिवावर बेतलेले असताना माणसाला आपल्या भाषेतूनच खातरी करून घ्यावीशी वाटते, हे मी त्या जिन्यावर पाहिले.

यात कोणाचा दोष नव्हता. निवेदन करणारा गावाच्या मुख्य भाषेत आपले कर्तव्य करत होता आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले असतील. मुंबईहून बोलणाऱ्या मराठी वाहिन्यांना आमच्या जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या हे कळण्याचे कारणच नव्हते. पण पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना एक विचार मनातून जाईना. आमच्याकडे मराठी होती, भरपूर होती. पण ती सगळी आकाशातली होती. आमच्या गल्लीविषयी, आमच्या नदीविषयी, उद्या सकाळी नळाला पाणी येईल की नाही याविषयी बोलणारी मराठी आमच्याकडे नव्हती. भाषा ऐकू येणे आणि गावाने आपल्याशी त्या भाषेत बोलणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हाच प्रश्न दुसऱ्या कोणाला पडला असेल का, याचा शोध मी घेऊ लागलो आणि वाट सापडली ती माझ्या जुन्या अभ्यासातून. एम. ए.ला माझा विषय इंग्रजी. त्यात डिलन टॉमस हा कवी होता. त्याचे ‘अंडर मिल्क वुड’ हे आवाजांचे नाटक बी. बी. सी.ने २५ जानेवारी १९५४ रोजी, त्याच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी, प्रक्षेपित केले. परीक्षेपुरते मी ते वाचले होते. पुरानंतर त्याचे चरित्र पुन्हा चाळताना एका तपशिलापाशी मी थबकलो. डिलन वेल्समधल्या स्वॉन्सी या शहरात १९१४ साली जन्मला. नदीच्या मुखाशी वसलेले, समुद्राकाठचे, कारखान्यांचे शहर, आमच्या सुरतेसारखेच. त्याचे आईवडील दोघेही वेल्श बोलणारे. वडील तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये इंग्रजीचे शिक्षक. पण मुलाला वेल्श आली नाही. घरात ती मुलांशी बोललीच गेली नाही. मुलगा इंग्रजीतला मोठा कवी झाला, त्याचा आवाज नभोवाणीवरून देशभर पोचला. पण आईवडिलांची भाषा त्याच्या तोंडी नव्हती.

एक इंग्रजीचा मास्तर आणि त्याच्या घरातून नाहीशी झालेली भाषा! मी स्वतः इंग्रजीचा मास्तर. माझ्या शाळेतली मुले आईशी मराठीत बोलायला सुरुवात करतात आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोचतात. मला त्या ग्रामर स्कूलच्या मास्तरांचा राग आला नाही. त्यांनी मुलाचे हितच पाहिले असणार. बाहेरच्या जगात ज्या भाषेला काम नाही ती भाषा बाप मुलाला कशासाठी देईल, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

वेल्समधल्या लोकांनी या प्रश्नाला पुढे जे उत्तर दिले ते आपण सीमाभागातल्यांनी समजून घेण्यासारखे आहे. स्वॉन्सीत बी. बी. सी.चे छोटे केंद्र डिसेंबर १९२४ मध्येच सुरू झाले होते. पण बोलबाला इंग्रजीचा. १९६२ साली सॉन्डर्स लुईस या लेखकाने नभोवाणीवरूनच भाषण देऊन वेल्श भाषेचे भवितव्य किती धोक्यात आहे हे सांगितले आणि तरुण पिढी जागी झाली. पुढे स्वतंत्र वेल्श दूरचित्रवाणी वाहिनीची मागणी आली. अनेकांनी परवान्याचे पैसे भरायला नकार दिला. सरकारने आधी वचन दिले आणि मग ते फिरवले. तेव्हा १९८० साली ग्विनवोर एव्हान्स या वयोवृद्ध नेत्याने आमरण उपोषणाची तारीख जाहीर केली. ती तारीख उजाडण्याआधीच सरकार नमले. १ नोव्हेंबर १९८२ पासून एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी सुरू झाली.

ही गोष्ट रोमहर्षक आहे खरी. पण मला तिच्याहून जवळची वाटली ती ‘स्वॉन्सी साउंड’ या स्थानिक नभोवाणीची. ३० सप्टेंबर १९७४ रोजी सुरू झालेले हे वेल्समधले पहिले स्वतंत्र स्थानिक केंद्र. मुख्य भाषा इंग्रजी, पण वेळापत्रकात वेल्श कार्यक्रमही. म्हणजे रस्ता कुठे बंद आहे, कोणत्या शाळेला सुटी आहे, कोण जिंकले, कोण वारले, हे त्या गावाच्या दोन्ही भाषांत त्याच गावातून बोलले जाऊ लागले. पुढे मालक बदलत गेले, छोटी केंद्रे मोठ्या जाळ्यांत ओवली गेली आणि २०२० साली त्या केंद्राचे नावही गेले. शेहेचाळीस वर्षांचे नाव पुसून तिथे अनेक शहरांना एकच गाणी पुरवणाऱ्या जाळ्याचे नाव आले. राष्ट्रीय वाहिनी लढून मिळवता आली. पण गावचे केंद्र बाजाराच्या हिशेबात हलकेच नाहीसे झाले. यातला बोध मला असा वाटतो, की भाषेला आकाशातली जागा मिळाली तरी गल्लीतली जागा वेगळी सांभाळावी लागते.

कुणी म्हणेल, हे श्रीमंत देशांचे चोचले. तर मग आमच्या गुजरातेतलेच उदाहरण देतो. खेडा जिल्ह्यातल्या पीज या गावी १९७५ साली एक किलोवॅटचा छोटा दूरचित्रवाणी प्रक्षेपक बसवण्यात आला. सुमारे चारशे गावांत सार्वजनिक संच ठेवले गेले. कार्यक्रम तिथल्या लोकांच्या बोलीत, तिथल्या प्रश्नांवर, आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन केलेले. मजुरी, सावकारी, अस्पृश्यता, दूध, पीक. १९८४ साली या प्रयोगाला ग्रामीण संज्ञापनाचे युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, प्रक्षेपक तिथून हलवायचे ठरले, तेव्हा ग्रामस्थांनी विरोध केला. पण ते केंद्र गेले. साऱ्या जगाने वाखाणलेली गोष्ट आपल्याकडे दहा वर्षांत आवरली गेली.

आज परिस्थिती तितकी निराशाजनक नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या अखेरीस स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीचे दार उघडले. साताऱ्याकडच्या म्हसवडला माणदेशी महिलांनी आपले केंद्र काढले. गुजरातेत साणंद तालुक्यात ‘सेवा’ संस्थेने ‘रूडीनो रेडियो’ सुरू केला. अशा केंद्राची ताकद थोडी, दहा-पंधरा किलोमीटर जेमतेम. पण गल्लीला किती ताकद लागते? नियमच असा आहे की निम्मे तरी कार्यक्रम त्या समाजाच्या सहभागातून व्हावेत आणि शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत असावेत. राजकीय बातम्यांना परवानगी नाही. मात्र पाणी, वीज, हवामान, परीक्षा, रोगराई, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती देता येते. पुराच्या रात्री आजींना नेमके हेच तर हवे होते.

आमच्या शाळेकडे प्रक्षेपक नाही आणि परवान्याच्या कागदपत्रांना पुरेल इतकी माणसेही नाहीत. पण प्रार्थनेचा ध्वनिक्षेपक आहे. २००७ पासून आम्ही दर शनिवारी दहा मिनिटांचे मराठी बातमीपत्र सुरू केले. अट एकच. बातमी आपल्या वस्तीतली असली पाहिजे. पहिल्याच महिन्यात मला जी अडचण दिसली तिची कल्पनाही मी केली नव्हती. मुलांकडे मराठी होती, पण त्यांच्या गावासाठी लागणारे शब्द त्या मराठीत नव्हते. सातवीतल्या एका मुलीने वाचले, “महापालिकेने आमच्या रस्त्यावरचे दबाण काढले.” नुकताच चोपड्याहून आलेला एक मुलगा विचारू लागला, “सर, दबाण म्हणजे कुणाचा दबाव?” गुजरातीत दबाण म्हणजे अतिक्रमण. घरपट्टीला मुले ‘वेरो’ म्हणत, पाणीकपातीला ‘पाणीकाप’. सासू, सून, कट, कारस्थान यांसाठी त्यांच्याकडे दूरचित्रवाणीने दिलेले अस्सल मराठी शब्द होते, घरपट्टीसाठी नव्हता. तो त्यांना कोण देणार? मुंबईच्या मालिकेत सुरतेची घरपट्टी कशाला येईल?

मग आम्ही भिंतीवर एक फळा टांगला. आठवड्यात आलेला नवा शब्द त्यावर तीन भाषांत लिहायचा. सपाटी, पातळी, लेव्हल. आजींच्या त्या शब्दानेच फळ्याचा श्रीगणेशा केला. दबाण हा शब्द आम्ही हाकलून दिला नाही. तो सुरतेचा शब्द आहे, मुलांना तो यायलाच हवा. त्याच्या शेजारी अतिक्रमण बसले, इतकेच.

या दहा मिनिटांची खरी परीक्षा झाली ती २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत. टाळेबंदीने माग थांबले. परप्रांतीय कामगारांत घबराट पसरली. आमच्या पालकांना घरी जायचे होते, पण गाडी कधी, नाव कुठे नोंदवायचे, नवापूरच्या नाक्यावर सोडतात का, याबद्दल दर तासाला नवी अफवा येई. शाळा बंद. मग बातमीपत्र वाचणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. त्यांनी सरकारी गुजराती पत्रके पाहून त्यांतली माहिती पाच मिनिटांच्या मराठी निवेदनात बसवायची, मी तपासायची आणि ते ध्वनिमुद्रण पालकांच्या मोबाईलवर संध्याकाळी सातला पाठवायचे, असा क्रम सुरू झाला. एकजण अहिराणीत वाचू लागला, तर ऐकणारे दुपटीने वाढले. एके दिवशी यंत्रातल्या बिघाडामुळे उशीर झाला. साडेसातला एका आईचा फोन आला. “सर, आज बातम्या नाही आल्या? माणसं जेवायची थांबलीत.” त्या बाईंच्या घरी मोबाईलवर चार-पाच मराठी वाहिन्या सहज दिसत होत्या. त्या थांबल्या होत्या ते मात्र आपल्या वस्तीच्या पाच मिनिटांसाठी.

सीमाभागातल्या माझ्या बंधुभगिनींना म्हणूनच चार शब्द सांगावेसे वाटतात. आपण मराठीसाठी पुष्कळ भांडलो, त्यातले बरेचसे रास्तच होते. मात्र आपल्या घरात जी मराठी येते ती बहुतेक दूरच्या शहरातून येते, आणि तेवढ्यावर आपण समाधान मानतो. ती येऊ द्यावी, तिचा आनंद घ्यावा. पण आपल्या गावाचा पाऊस, आपला बाजार, आपला दवाखाना, आपली शाळा याविषयी रोज दहा मिनिटे कोणीतरी मराठीत बोलले पाहिजे. त्याला मोठे केंद्र लागत नाही. वाचनालयाचा ध्वनिक्षेपक चालेल, मोबाईल चालेल, आणि चार संस्था एकत्र आल्या तर सामुदायिक नभोवाणीही अशक्य नाही. गावाच्या मुख्य भाषेशी यात स्पर्धा मुळीच नाही. उलट तिच्याशी रोज संबंध ठेवल्याशिवाय हे काम होतच नाही. आमचे वाचक विद्यार्थी आज उत्तम गुजराती वाचतात, कारण त्याशिवाय त्यांना बातमी मिळत नाही.

ताप्ती लाईनवरचे नवापूर स्टेशन पुष्कळांनी पाहिले असेल. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावरूनही दोन राज्यांची हद्द जाते. तिथल्या ध्वनिक्षेपकावरून गाडीची सूचना हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत दिली जाते. त्याला फार तर एक-दोन मिनिटे जास्त लागत असतील. तेवढ्याने गाडीला उशीर होत नाही, आणि कोणाची गाडीही चुकत नाही.